त्याने तोंड का उघडले?

माझी धाकटी बहीण कोकणात दिली आहे, दापोलीकडे. तिचा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. कोकणी मुस्लिम घरांतला एखादा तरी माणूस दर्यावर असतो, त्यात नवलाचे काही नाही. २०१३ साली रमजान ईदला तो आजोळी, म्हणजे आमच्याकडे संगमनेरला आला होता. शीरखुर्मा झाला, लहानांना ईदी वाटून झाली आणि मग त्याने खिशातून मोबाइल काढला. “मामू, हे बघा.”

फोटो ग्रेट व्हाइट शार्कचा होता. तोंड पुरते उघडलेले. करवतीसारख्या धारेचे त्रिकोणी दात, बाहेर आलेली हिरडी, मागे फिरलेला पांढरा डोळा. समोर पोलादी पिंजऱ्याचे गज, आणि गजांच्या आत श्वासाची नळी तोंडात धरलेला आमचा भाचा. दक्षिण आफ्रिकेत जहाज थांबले असताना मित्रांबरोबर तो केपटाऊनपासून दोनेक तासांच्या अंतरावरील गान्सबाय या गावी गेला होता. तिथे पर्यटकांना पिंजऱ्यात बसवून समुद्रात उतरवतात आणि शार्क दाखवतात. घरातली सगळी मुले मोबाइलभोवती गोळा झाली. कुणी किंचाळले, कुणी भाच्याच्या पाठीवर थाप मारली.

अम्मींनी चष्मा मागवला. बराच वेळ फोटो पाहिला आणि विचारले, “इत्ता मुँह कायकू खोल्या रे उने?”

भाचा हसला, मग जरा अडखळला. नानीला खोटे कसे सांगणार? त्याने सांगितले की, आधी पाण्यात माशाचे तेल, रक्त, माशांचा खिमा टाकत राहतात. त्या वासाने शार्क येतो. मग दोरीला मोठ्या माशाचे मुंडके बांधून ते पाण्यात सोडतात. शार्क झेपावला की दोरी पिंजऱ्याकडे ओढून घेतात. तो मुंडक्यामागे येतो, तोंड उघडतो आणि त्याच क्षणी फोटो निघतो.

“म्हणजे तुम्हीच बोलावले, तुम्हीच भूक लावली आणि आता म्हणता बघा कसा भयंकर आहे,” अशा अर्थाचे काहीतरी बोलून अम्मी चहाचे बघायला उठून गेल्या. विषय तिथेच संपला. निदान इतरांपुरता संपला. मी आयुष्यभर शाळेत मुलांना इतिहास शिकवला. पुरावा म्हणजे काय, तो कुणी ठेवला, कशासाठी ठेवला, हे विचारायची सवय त्या धंद्याने लावलेली. त्यामुळे अम्मींचा प्रश्न माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही.

प्रश्न साधा दिसतो, पण तसा नाही. भाच्याच्या फोटोत खोटे काय होते? दात खरे, डोळा खरा, पाणी खरे. कुणी काही रंगवले नव्हते. तरीही तो फोटो पाहून शार्कविषयी जे मनात उतरत होते, ते खरे नव्हते. शार्क आयुष्याचा बहुतेक काळ तोंड वासून फिरत नाही. तो पोहत असतो, मैलोन् मैल, शांतपणे. जगभर वर्षाला सरासरी पाच-सहा माणसे शार्कच्या विनाकारण हल्ल्यात मरतात. उलट २०१३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने माणसांकडून वर्षाला मारल्या जाणाऱ्या शार्कची संख्या सुमारे १० कोटी असल्याचा अंदाज मांडला. पराचे सूप, मांस, तेल आणि इतर माशांसाठी टाकलेली जाळी, ही त्याची कारणे. आपल्या कोकणात लहान शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात, बाजारात वाट्यावर विकतात. बहिणीच्या गावी शार्क म्हणजे भय नव्हे, कालवण. शार्कचे भय आम्हाला समुद्राने दिलेले नाही. ते चित्राने दिले.

त्या चित्राचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. पीटर बेंचली या अमेरिकन लेखकाची ‘जॉज’ ही कादंबरी १९७४ साली आली आणि पुढच्याच वर्षी स्टीव्हन स्पिलबर्गने तिच्यावर चित्रपट काढला. त्यातल्या जिवंत शार्कची दृश्ये ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर रॉन आणि व्हॅलरी टेलर या दांपत्याने टिपली होती. चित्रपट जगभर चालला. लोक समुद्रात उतरायला घाबरू लागले आणि हौसेने शार्क मारणाऱ्यांना जोर चढला. पुढे टेलर दांपत्याने उरलेले आयुष्य शार्क वाचवण्यासाठी खर्च केले. खुद्द बेंचलीलाही पश्चात्ताप झाला. २००६ मध्ये तो वारला, तोवर तो शार्कच्या संरक्षणासाठी लिहीत, बोलत राहिला. आपण घडवलेले चित्र आपल्या हातून सुटल्यावर काय करील, हे चित्र घडवणाऱ्याला ठाऊक नसते. पण ठाऊक नव्हते म्हणून तो मोकळा होतो का? बेंचलीने स्वतःला मोकळे मानले नाही, हे त्याचे मोठेपण.

याहून मोठे उदाहरण रॉडनी फॉक्सचे. १९६३ साली ऑस्ट्रेलियात पाण्याखाली भाल्याने मासे मारण्याच्या स्पर्धेत ग्रेट व्हाइट शार्कने त्याची छाती-पोट फाडले. शेकडो टाके घालून डॉक्टरांनी त्याला वाचवले. ज्याला शार्कचा द्वेष करण्याचा पूर्ण अधिकार होता, असा हा माणूस. तो पुन्हा समुद्रात गेला. शार्कला जवळून पाहता यावे म्हणून पिंजरा त्यानेच तयार केला आणि पुढची कित्येक वर्षे लोकांना सांगत राहिला की, या प्राण्याला नीट पाहा, मारू नका. म्हणजे भाचा ज्या पिंजऱ्यात बसला त्याची कल्पना एका जखमी माणसाच्या जिज्ञासेतून निघाली होती. नंतर तिला तिकीट लागले.

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. आमिष टाकले नाही तर शार्क दिसणारच नाही, आणि दिसला नाही तर त्याच्याविषयी आपुलकी कशी वाटणार, असे या व्यवसायातले लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे. गान्सबायसारख्या गावांत जिवंत शार्कवर लोकांची पोटे भरतात, म्हणून मेलेल्या शार्कची मागणी तिथे उरत नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९१ साली ग्रेट व्हाइटला कायद्याचे संरक्षण दिले, असे करणारा तो पहिला देश. परंतु पिंजऱ्याच्या गजांत अडकून शार्क जखमी झाल्याचे प्रकारही घडले. मेक्सिकोने जानेवारी २०२३ मध्ये ग्वादालुपे बेटाजवळचे असे पर्यटन बंद केले. म्हणजे पाहणे हे नेहमीच निरुपद्रवी नसते. पाहणाऱ्याच्या हौसेची किंमत पाहिला जाणारा मोजत असतो.

आपल्याकडेही कॅमेऱ्याने शार्क वाचवल्याचे उदाहरण आहे. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. सूक्ष्म जीव आणि लहान मासळी गाळून खाणारा, माणसाला काही न करणारा. गुजरातच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात त्याची बेसुमार कत्तल चालली होती. माईक पांडे यांनी तिच्यावर माहितीपट काढला, तो २००० साली लोकांपुढे आला आणि २००१ मध्ये व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. पुढे तिथल्या मच्छीमारांनी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. आपल्या राज्यानेही २०१८ च्या अखेरीस योजना आणली. संरक्षित जलचर जाळ्यात सापडला आणि त्याला सोडताना जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे फोटो.

अशा फोटोची मी कल्पना करतो. हलत्या होडीतून, ओल्या हाताने काढलेला, धूसर. त्यात जाळ्याचा कापलेला कडा आणि पाण्यात दूर जाणारी शेपटी. दात नाहीत, थरार नाही, मासिकाच्या मुखपृष्ठावर तो कुणी छापणार नाही. पण भाच्याच्या फोटोपेक्षा तो मला अधिक खरा वाटतो. कारण तो पकडल्याचा फोटो नाही, सोडल्याचा आहे.

आता कुणी म्हणेल, नगर जिल्ह्यात बसून समुद्राच्या गप्पा कशाला? आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही हे खरे. आमच्याकडे प्रवरा आहे, १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण आहे आणि त्या पाण्यावर वाढलेला उसाचा समुद्र आहे. आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना याच प्रवराकाठी उभा राहिला. वर्षभर हिरवा, माणसापेक्षा उंच, आत शिरले तर चार हातांवरचे दिसत नाही असा हा समुद्र. आमचा शार्क त्यात राहतो. त्याचे नाव बिबट्या.

अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या तालुक्यांत बिबट्या ही जंगलातली गोष्ट राहिलेली नाही. तो उसातच जन्मतो, वस्तीवरची कुत्री-शेळ्या खाऊन वाढतो. त्याच्या फोटोंकडे पाहताना मला भाच्याचा फोटो आठवतो. कारण तिथल्या तिन्ही गोष्टी इथेही आहेत: आमिष, पिंजरा आणि दात. समुद्रात माणूस पिंजऱ्यात बसतो आणि जनावराच्या घरी जातो. इथे पिंजऱ्यात शेळी बांधतात, बिबट्या तिच्यासाठी आत शिरतो आणि दार पडते. सकाळी गाव जमते. दोनशे मोबाइल गजांभोवती. कुणी काठीने डिवचतो, कुणी पत्र्यावर थाप मारतो. बिबट्या गजांवर डोके आपटतो, नाकातोंडातून रक्त येते, तो दात विचकून गुरगुरतो. नेमका तोच फोटो दुसऱ्या दिवशी छापून येतो. वर मथळा ठरलेला: ‘अखेर बिबट्या जेरबंद’. घाबरलेल्या जनावराचा फोटो आपण घाबरवणाऱ्या जनावराचा म्हणून पाहतो.

ऊसतोडीच्या हंगामात फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. त्यांना कडेवर घेऊन फोटो काढण्याची रीत आता पडली आहे. पिल्ले मिळाल्या जागी परत ठेवली, माणसे लांब गेली, तर बहुधा रात्री आई येते आणि एकेक पिल्लू उचलून नेते. वन विभाग आणि प्राणिमित्र संस्थांनी आपल्या भागात हे अनेकदा करून दाखवले आहे. पण त्यासाठी फोटो काढणाऱ्याला मागे सरकावे लागते. तेच अवघड आहे.

याउलट एका वेगळ्या कॅमेऱ्याची गोष्ट अकोले तालुक्यातच घडली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शेतांच्या बांधांवर, पायवाटांवर आपोआप चालणारे कॅमेरे लावले. आमिष नाही, पिंजरा नाही, कॅमेऱ्यामागे माणूसही नाही. रात्री जो कुणी वाटेने जाईल त्याचा फोटो निघणार. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून समजले ते असे: दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या खोऱ्यात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे होते आणि जवळपास तितकीच तरसे. दिवसा ज्या बांधावरून माणसे जात होती, त्याच बांधावरून रात्री ती जात होती. माणसांवरचे हल्ले मात्र विरळ. त्या फोटोंतला बिबट्या तोंड मिटून, खाली बघत, कामाला निघालेल्या माणसासारखा चाललेला असतो. शेजारी किती वर्षे राहतो आहे हे चित्र पाहिल्यावर कळते, आणि त्याने आपल्याला काही केले नव्हते, हेही तेव्हाच कळते.

पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेल्या बिबट्याची हकीकत अनेकांना ठाऊक असेल. २००९ च्या उन्हाळ्यात त्याला बाहेर काढले, गळ्यात पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. त्याचे शांत वागणे पाहून अत्रेय यांनी त्याला ‘आजोबा’ नाव दिले. महिन्याभरात तो सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. महामार्ग ओलांडले, वसईची खाडी पोहून गेला आणि वाटेत कुणाला नख लावले नाही. २०११ च्या डिसेंबरात तो वाहनाच्या धडकेने मेला. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपट निघाला. आपल्या जिल्ह्यातला इतका लांबचा प्रवासी, पण त्याचे दात कुणाला आठवत नाहीत. आठवते ते त्याचे चालणे.

इथवर लिहून मी थांबतो, कारण इथे लेखणी फार सोपी चालू लागली आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, तीन आठवड्यांच्या आत दोन लहानग्यांचा आणि एका वृद्धेचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. लोक रस्त्यावर उतरले, शेवटी नेमबाजांनी बिबट्याला गोळी घातली. त्याच महिन्यात आपल्या कोपरगाव तालुक्यातही असेच बळी गेले. ज्या आईचे लेकरू उसाच्या कडेने ओढून नेले, तिच्यासमोर मी हा लेख वाचू शकेन का? नाही वाचू शकणार. वाचणे हा निर्लज्जपणा होईल.

म्हणून दोन भयांत फरक केला पाहिजे. एक भोगलेले भय आणि दुसरे पाहिलेले भय. त्या आईचे भय भोगलेले आहे. रात्रपाळीची वीज येते म्हणून अंधारात पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याचे भय भोगलेले आहे. फडाशेजारी कोपीत लेकरे झोपवून पहाटे कोयता हाती घेणाऱ्या ऊसतोड बाईचे भय भोगलेले आहे, आणि तिचा फोटो तर कुणी काढतही नाही. त्या भयाला दिवसाची वीज, पक्की कोपी, बंदिस्त गोठा आणि वेळेवर मदत हे उत्तर आहे. प्रवचन हे नाही. पिंजऱ्यात बसलेला माझा भाचा धाडसी खरा, पण त्याने आपले भय तिकीट काढून घेतले होते आणि तासाभरात तो वर आला. ऊसतोड बाईला वर येण्यासाठी शिडी नाही.

मात्र शहरात, पक्क्या भिंतींत बसून आपण जे भय हातोहात पुढे पाठवतो, ते पाहिलेले भय असते, आणि त्याला आमिष लागते. त्या २०२५ सालात तर बिबट्याचीही गरज उरली नाही. संगणकाने बनवलेली बिबट्याची खोटी चित्रे, अमक्या चौकात, तमक्या शाळेजवळ दिसला म्हणून फिरू लागली आणि त्यांवर विश्वास ठेवू नका असे वन विभागाला सांगावे लागले. आमच्या मोहल्ल्याच्या गटातही असे एक चित्र आले होते. ज्याने पाठवले त्याला मी विचारले, तर म्हणाला, “सर, खबरदारी म्हणून पाठवले.” खबरदारी आणि चटक यांतले अंतर फार थोडे असते.

माझे दादा फोटो काढू देत नसत. त्यांचा एकच फोटो घरात आहे, हजच्या कागदपत्रांसाठी काढलेला, तोही नाइलाजाने. तसबिरीविषयी उलेमांत मतभेद होते आणि आहेत. कुणी कॅमेऱ्याच्या चित्राला आरशातल्या प्रतिबिंबासारखे मानले, कुणी मनाईच ठेवली. त्या वादात पडण्याइतके माझे ज्ञान नाही. पण दादा एक हदीस सांगत: सजीवाचे चित्र घडवणाऱ्याला कयामतच्या दिवशी म्हटले जाईल की, आता यात प्राण फुंक, आणि त्याला ते जमणार नाही. लहानपणी मला याचे भय वाटे. तरुणपणी मी ते हसण्यावारी नेले. आता म्हातारपणी त्यातला एक अर्थ मला दिसतो, तो माझ्यापुरता आहे. एखाद्या जिवाचे चालणे, भूक, पिल्ले, थकवा सगळे काढून टाकायचे आणि फक्त दात ठेवायचे, म्हणजे चित्रातून त्याचा प्राण काढणेच. काढलेला प्राण परत घालता येत नाही. बेंचलीला जन्मभर प्रयत्न करूनही तो पुरता घालता आला नाही. कुरआन तर प्राण्यांना, पक्ष्यांना तुमच्यासारख्याच जमाती म्हणतो. ज्याला जमात म्हटले त्याचा जबडा तेवढा वेगळा काढायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

हे मी जनावराविषयी लिहितो आहे, पण वाचणाऱ्याच्या मनात माणूस आला असेल. माझ्याही आला. माणसाची तुलना मी जनावराशी करत नाही, पाहण्याच्या रीतीची करतो. मालेगावात २००६ साली शब-ए-बरातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेले ते बहुतांश मुस्लिम, आणि अटक झाली तीही मुस्लिम तरुणांना. काळ्या बुरख्याआड झाकलेल्या त्यांच्या चेहऱ्यांचे फोटो कितीतरी दिवस आपण पाहत होतो. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. त्या दिवशीचा त्यांचा फोटो आपल्यापैकी किती जणांना आठवतो? दहशतीची बातमी कुठलीही असो, तिच्याशेजारी दाढी-टोपीचे, नमाजाच्या रांगेचे जुने चित्र छापलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. माणसे सजद्यात आहेत, तोंड मिटलेले आहे, तरी त्या मजकुराशेजारी ते दातांसारखे दिसू लागते. दुरून कुणीतरी आपल्या वस्तीकडे असे पाहतो, तेव्हा काय वाटते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण एवढ्यावर थांबलो तर तो अर्धा हिशेब होईल. आमच्याच जिल्ह्यात पारधी समाज आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्या जमातींपैकी हा. १९५२ साली तो शिक्का कायद्याने पुसला गेला, लोकांच्या डोळ्यांतून नाही. आमच्या मोहल्ल्यात चोरी झाली की पहिले बोट पालांकडे जायचे. मी लहान असताना जेवत नसलो, तर पारधी नेतील अशी धमकी मला मिळत असे, आणि ती देणारी माणसे प्रेमळ, नमाजी होती. त्या पालांतल्या कुणाला आम्ही कधी जवळून पाहिले नव्हते. चित्र तेवढे होते. शाळेत पुढे माझ्या वर्गात एक पारधी मुलगा आला. पहिल्या दिवशी मी हजेरी घेताना नकळत खिशातले पेन चाचपले. त्याने ते पाहिले. त्या मुलाने मला वर्षभर एकही शब्द उलट बोलला नाही, आणि त्या चाचपण्याची माफी मागायचे मला कधी जमले नाही. तेव्हा पिंजऱ्याबाहेर आपण नेहमी एकाच बाजूला उभे असतो, असे नाही.

मग काय करावे? फोटो काढूच नयेत, असे मी म्हणणार नाही. न पाहिल्याने भय कमी होत नाही, उलट वाढते. फॉक्सने जवळ जाऊन पाहिले म्हणून त्याचा द्वेष गेला. अकोल्याच्या कॅमेऱ्यांनी पाहिले म्हणून आपल्याला शेजारी समजला. पाहावेच. पण पाहण्याआधी मी काय केले, याचा जाब चित्राबरोबर द्यावा. आमिष टाकले असेल तर तसे सांगावे. डिवचले असेल तर आधी स्वतःला विचारावे. आणि जो दिसतो आहे तो आता माझ्यामुळे असा दिसतो आहे की मी नसतानाही असाच असतो, हा प्रश्न चित्र काढणाऱ्याइतकाच ते पुढे पाठवणाऱ्यालाही लागू आहे.

२०२२ मध्ये भाचा पुन्हा गान्सबायला गेला. २०१७ पासून तिथे ओर्का व्हेलनी काही ग्रेट व्हाइट मारले आणि तेव्हापासून ते त्या किनाऱ्यावर फार विरळ झाले. दिवसभर आमिष पाण्यात लोंबत राहिले, ग्रेट व्हाइट आला नाही. त्याने मला रिकाम्या पाण्याचा फोटो पाठवला, खाली लिहिले, ‘पैसे फुकट गेले मामू.’

मी तो फोटो अम्मींना दाखवला. डोळे अधू झालेले, त्यांनी मोबाइल नाकाजवळ धरला आणि विचारले, यात काय आहे? मी म्हणालो, काही नाही, तो आलाच नाही.

“अच्छा हुआ,” अम्मी म्हणाल्या आणि मोबाइल परत दिला.